पेंटब्रशचा शेजारी

पहिला दिवस : डेन्व्हर ते गनिसन

लेकीकडे डेन्व्हरला आलो की पहिले काही आठवडे खरेदी, देऊळ आणि ओळखीच्यांकडची जेवणे यांतच निघून जातात. या खेपेला मात्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातले सात दिवस मी तिच्याकडून आधीच मागून घेतले होते. सातारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवताना टारफुला आणि बंबाखू या परोपजीवी तणांचे नमुने मी शेकडो विद्यार्थ्यांसमोर ठेवले होते. पण त्यांच्याच कुलातले, अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत आणि वाळवंटांत फुलणारे ‘इंडियन पेंटब्रश’ मी केवळ छायाचित्रांतच पाहिले होते. मुक्ताने रजा काढली, गाडी तिनेच चालवायची ठरली, आणि ‘हे’ नेहमीप्रमाणे नकाशा मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसले.

285 क्रमांकाच्या रस्त्याने दहा हजार फुटांवरची केनोशा खिंड ओलांडली, की साउथ पार्क नावाचे प्रचंड गवताळ पठार एकदम समोर उघडते. तिथे थांबण्याचा मोह आवरला, कारण आकाश काळवंडत होते आणि मोनार्क खिंड पावसाआधी गाठायची होती. ही खिंड 11,312 फुटांवर असून तिच्या एका बाजूला पडलेले पाणी अखेर अटलांटिककडे, तर दुसऱ्या बाजूला पडलेले पॅसिफिककडे जाते. मी मात्र हे जलविभाजक पाहायचे सोडून रस्त्याकडेच्या उतारावर गुडघे टेकून बसले होते, कारण स्प्रूसच्या झाडांखाली गवतात पहिला पेंटब्रश दिसला होता.

नाव सार्थ आहे. हातभर उंचीच्या दांड्याचे टोक शेंदरी रंगात बुडवून कुणी कुंचला उभा करून ठेवावा, तसे ते दिसते. पण हा रंग पाकळ्यांचा नाही. बोगनवेलीत ज्याला आपण फूल समजतो ती जशी रंगीत पाने असतात, तशीच इथेही फुलांखालची पाने, म्हणजे छदे, लाल झालेली असतात; खरे फूल त्यांच्या आड दडलेले एक अरुंद, हिरवट नळकांडे असते आणि त्याची चोच तेवढी बाहेर डोकावते. मुक्ताने भिंगातून पाहिले आणि ती म्हणाली, “आई, म्हणजे सगळी जाहिरात पानांची आणि दुकान एवढंसं!” तिचे म्हणणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होते.

या प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘कॅस्टिलेया’. कादिथ शहरातले स्पॅनिश वनस्पतिज्ञ दोमिंगो कास्तियेहो यांच्या सन्मानार्थ दक्षिण अमेरिकेत काम करणारे वनस्पतिज्ञ मुतिस यांनी ते सुचवले आणि वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या थोरल्या लिनीअसच्या मुलाने 1782 मध्ये ते प्रसिद्ध केले. सुमारे दोनशे जातींपैकी बहुतेक सर्व उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या. थोड्या अँडीज पर्वतापर्यंत गेलेल्या आणि एखाददुसरी उत्तर आशियात पोहोचलेली. भारतात एकही नाही. नावातल्या ‘इंडियन’ शब्दाशीही आपला संबंध नाही. ज्या लोकांना हा शब्द लावला गेला, त्यांतले यूट लोक याच डोंगरांत राहत होते आणि 1881 मध्ये त्यांच्यातल्या मोठ्या गटाला इथून हाकलून यूटामध्ये नेण्यात आले. आता पुष्कळ जण नुसते ‘पेंटब्रश’ म्हणतात. मीही पुढे तेच म्हणणार आहे.

दुसरा दिवस : गनिसनचे माळ

गनिसन हे गाव 7,700 फुटांवर असूनही पावसाच्या बाबतीत दरिद्री आहे. गावाबाहेर हार्टमन रॉक्स नावाचा ग्रॅनाइटच्या खडकांचा परिसर आहे आणि त्याच्या चहूबाजूंनी नजर पोहोचेल तिथवर सेजब्रशची राखाडी झुडपे पसरलेली आहेत. माण-खटावचा उन्हाळ्यातला माळ ज्याने पाहिला आहे, त्याला हा देखावा परका वाटणार नाही. फक्त इथे हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली तीस अंशांपर्यंत उतरू शकते.

या राखाडी माळावर पेंटब्रश लांबूनच दिसतो. इथली जात अरुंद पानांची, उंच, किरट्या बांध्याची. हिलाच शेजारच्या वायोमिंग राज्याने 1917 मध्ये राज्यपुष्पाचा मान दिला. मी एकेका रोपाशी जाऊन त्याचा शेजारी कोण हे वहीत नोंदवू लागले, आणि पंधरा रोपांपैकी तेरांच्या बाबतीत उत्तर एकच निघाले : सेजब्रश. काही रोपे तर झुडपाच्या इतकी आत शिरली होती, की लाल तुरे सेजब्रशलाच आले आहेत असा भास व्हावा. अर्थात वरून दिसणारा शेजारी हाच जमिनीखालचा यजमान असतो असे नाही, कारण मुळे दूरवर पसरतात आणि एकच पेंटब्रश एका वेळी निरनिराळ्या जातींच्या मुळांना चिकटू शकतो. खणून पाहिल्याशिवाय खात्री नाही, आणि खणणे मला करायचे नव्हते.

जमिनीखाली काय चालते ते माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे तसेच सांगते. पेंटब्रशची पाने हिरवी असतात आणि तो सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करतो. म्हणून त्याला अमरवेलीसारखा पूर्ण परोपजीवी म्हणत नाहीत, अर्धपरोपजीवी म्हणतात. पण त्याच्या मुळांना जागोजागी बारीक गाठी येतात. या गाठी, म्हणजेच शोषक अवयव, शेजाऱ्याच्या मुळाला चिकटून त्याच्या जलवाहिन्यांपर्यंत घुसतात आणि तिथून पाणी, क्षार व थोडेफार तयार अन्नही ओढून घेतात. हे ओढणे पंप लावून होत नाही. आपली पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, यजमानापेक्षा अधिक उघडी ठेवून पेंटब्रश सढळ हाताने पाणी हवेत सोडतो आणि त्यामुळे निर्माण झालेल्या ताणाने शेजाऱ्याचे पाणी आपोआप त्याच्याकडे वाहू लागते. सेजब्रश काटकसरीने एकेक थेंब जपत असतो, आणि त्याच्याच मुळावर बसलेला पाहुणा उधळपट्टी करतो. या कोरड्या माळावर जुलैतही पेंटब्रश टवटवीत कसा, याचे उत्तर यात आहे.

मी हे मुक्ताला समजावून देत असताना यांचा हात नकळत एका रोपाच्या बुंध्याकडे गेला. बोटांनी दांडा धरला, मनगट वळले, आणि मग ते एकदम थबकले व हात मागे घेतला. लहानपणी खटाव तालुक्यात वडिलांच्या खरिपाच्या ज्वारीत टारफुला उपटण्याचे काम यांच्याकडे आणि यांच्या बहिणींकडे असे. “बी धरायच्या आत उपटायचा, नाहीतर पुढची दहा वर्षं तोच पिकतो,” असे त्यांचे वडील म्हणत, आणि ते अतिशयोक्त नव्हते, कारण टारफुल्याचे धुळीसारखे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. शिवाय तो वर दिसेपर्यंत बरेचसे नुकसान होऊनही गेलेले असते.

टारफुला आणि पेंटब्रश एकाच कुलातले खरे, पण स्वभावात फरक आहे. टारफुल्याचे बी यजमानाच्या मुळातून झिरपणाऱ्या रसायनाची चाहूल लागल्याखेरीज रुजतच नाही. असे पहिले रसायन 1966 मध्ये कापसाच्या मुळांतून वेगळे करण्यात आले आणि टारफुल्याच्या ‘स्ट्रायगा’ या शास्त्रीय नावावरून त्याला ‘स्ट्रिगॉल’ म्हटले गेले. पिके हा घात स्वतःहून का ओढवून घेतात, याचा उलगडा व्हायला मात्र 2005 साल उजाडले : या प्रकारच्या रसायनांनी मुळे खरे तर जमिनीतल्या उपकारक बुरशीला बोलावत असतात, आणि ते बोलावणे टारफुला चोरून ऐकतो. पेंटब्रशला असे बोलावणे लागत नाही. हिवाळ्याची थंडी खाल्ली की त्याचे बी रुजते, रोप काही काळ स्वतःच्या बळावर वाढते आणि वाटेत मूळ भेटले तर त्याला धरते. न भेटले तरी खुरटे का होईना जगते. टारफुल्याची ती गत नाही.

एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. आपल्या भाषेत ‘बांडगूळ’ ही शिवी आहे. पण चंदनही याच वृत्तीचा, शेजाऱ्याच्या मुळांतून पाणी व क्षार घेणारा अर्धपरोपजीवी वृक्ष आहे, आणि हल्ली चंदन लावणारे शेतकरी रोपाच्या शेजारी मुद्दाम तूर लावतात ती त्याला यजमान मिळावा म्हणून. त्याला मात्र आपण देवाच्या कपाळी लावतो.

दुपारी तीनच्या सुमारास ढग फुटले आणि दहा मिनिटांत थांबलेही. ओल्या सेजब्रशचा जो वास उठला, त्याने हे खडकावर उभेच राहिले. “दवणा!” ते म्हणाले. सेजब्रश आणि आपला दवणा एकाच ‘आर्टेमिसिया’ प्रजातीतले असल्यामुळे त्यांच्या नाकाने कुठलीही चूक केली नव्हती. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जो दरवळतो त्याच्यापेक्षा हा वास उग्र, थोडा कापराकडे झुकणारा आहे. पण घर तेच.

तिसरा दिवस : क्रेस्टेड ब्यूट आणि गॉथिक

गनिसनपासून उत्तरेकडे तासाभराच्या आत क्रेस्टेड ब्यूट येते. पूर्वी हे कोळशाच्या खाणींचे गाव होते, 1952 मध्ये तिथली मोठी खाण बंद पडली, आणि आता ते रानफुलांसाठी ओळखले जाते. 1986 पासून दर जुलैत इथे रानफुलांचा महोत्सव भरतो. गर्दी इतकी होती की गाडी लावायला जागा मिळेना आणि एका उपाहारगृहात साध्या सँडविचसाठी पाऊण तास बसावे लागले. कास पठारावर सुट्टीच्या दिवशी गेलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

गावापलीकडे कच्च्या रस्त्याने गॉथिकला गेलो, आणि माझ्या दृष्टीने सहलीचा खरा दिवस तो ठरला. साडेनऊ हजार फुटांवरचे हे गाव चांदीच्या शोधात 1880 च्या आसपास वसले आणि काही वर्षांतच ओस पडले. उरलेल्या लाकडी घरांत 1928 मध्ये ‘रॉकी माउंटन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली आणि ती आजही दर उन्हाळ्यात संशोधकांनी व विद्यार्थ्यांनी भरते. इथले संशोधक डेव्हिड इनौये यांनी 1973 मध्ये इथल्या कुरणांत ठरावीक चौकटी आखून त्यांतले प्रत्येक फूल मोजायला सुरुवात केली. त्या 39 वर्षांच्या, साठ जातींच्या आणि वीस लाखांहून अधिक फुलांच्या मोजणीवर आधारलेला निबंध 2014 मध्ये आला. बर्फ लवकर वितळू लागल्याने इथला फुलांचा हंगाम लांबत चालला आहे आणि प्रत्येक जात आपापल्या चालीने सरकत असल्यामुळे कोण कोणाबरोबर फुलते हेही बदलते आहे, असे त्यात दाखवले आहे. खोटे कशाला बोलू, मला हेवा वाटला. आमच्याकडे सहा वर्षे एका चौकटीची नोंद ठेवणाराही विरळा.

गॉथिकच्या कुरणात पेंटब्रशचे रंग मोजता मोजता माझी वही गोंधळली. शेंदरी जात मोनार्क खिंडीत पाहिलेली. फिकट पिवळी जात इथे विपुल. थोडे वर किरमिजी-गुलाबी जात. पण या तिन्हींच्या मधले सगळे रंगही तिथे होते : जर्दाळूचा, कच्च्या आंब्याच्या फोडीचा, पिवळ्यावर गुलाबी शिंतोडे उडालेला. या जाती परस्परांत सहज संकर करतात. लाल रंगाकडे मुख्यतः हमिंगबर्ड जातात आणि पिवळ्याकडे भुंगे. पण हे नियम पाळण्याचे बंधन पाखरांवर नसल्यामुळे मिसळलेल्या कुरणात पराग इकडचा तिकडे होतो. ज्या संशोधकांना जातींच्या सीमा आखायच्या असतात त्यांची पेंटब्रशने जितकी दमछाक केली आहे, तितकी थोड्याच फुलांनी केली असेल. मी ‘मिश्र’ असा रकाना काढून मोकळी झाले.

हमिंगबर्ड आधी ऐकू आला. ‘ब्रॉड-टेल्ड’ जातीच्या नराच्या पंखांच्या टोकांतून उडताना धातूच्या बारीक घुंगरांसारखा आवाज निघतो. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो जीव हिवाळा मेक्सिकोच्या बाजूला काढून इथे येतो. आपला शिंजीर फुलावर बसून मध पितो; हा हवेत एका जागी थांबून एकेका हिरव्या नळकांड्यात चोच घालतो. एका तुऱ्यावर त्याने सात वेळा चोच घातली, आठव्याच्या आत दुसऱ्याने त्याला हाकलले. फुलाची हिरवी चोच बाहेर का डोकावते, हे तेव्हा कळले : ती नेमकी पाखराच्या कपाळाला लागत होती.

या कुरणात पेंटब्रशच्या शेजारी जांभळ्या फुलांची ल्युपिनची रोपे दाटीने होती, आणि हा शेजार साधा नाही. ल्युपिनमध्ये कडू, विषारी अल्कलॉइड असतात. यजमानाच्या मुळांतून असे अल्कलॉइड पेंटब्रशमध्ये येतात हे रसायनज्ञांनी 1980 च्या दशकात दाखवले. पुढे 2000 साली संशोधक लिन अ‍ॅडलर यांनी टेक्सासमधल्या एका जातीवर प्रयोग करून दाखवले की कडू ल्युपिनवर पोसलेल्या रोपांना किडे कमी खातात आणि त्यांना बीही जास्त धरते. म्हणजे पाहुणा जेवून जातोच, वर यजमानाची काठीही घेऊन जातो. मुक्ताने विचारले, “मग पेंटब्रश विषारी की नाही?” मी म्हणाले, “त्याच्या शेजाऱ्याला विचारावं लागेल.”

चौथा दिवस : एमराल्ड लेकच्या वाटेवर

स्कोफिल्ड खिंडीकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्याने एमराल्ड लेकपर्यंत गेलो. कड्याच्या सावलीत अजून बर्फाचा पट्टा होता आणि त्याच्या पाण्यावर दलदल माजली होती. यांचे डोके दुखू लागल्यामुळे ते गाडीपाशीच थांबले. मी आणि मुक्ता दर पन्नास पावलांवर श्वास घेत तळ्याकाठी पोहोचलो आणि तिथे जे पाहिले त्यासाठी मी त्यांना हाताला धरून आणायला हवे होते असे आजही वाटते. दलदलीत गुलाबी तुरे उभे होते आणि त्या तुऱ्यांवरचे प्रत्येक फूल म्हणजे हुबेहूब हत्तीचे मस्तक : दोन्ही बाजूंना कान, मध्ये कपाळ, आणि वर वळलेली सोंड. इंग्रजीतही याला ‘एलिफंट हेड’च म्हणतात. एका तुऱ्यावर मी चाळीस गणपती मोजले. हेही पेंटब्रशच्याच कुलातले, आणि तितकेच अर्धपरोपजीवी. फुलात दडलेला पराग भुंगे गुणगुणण्याच्या कंपनाने झाडून घेतात.

मी शिकवत होते तेव्हा पेंटब्रश, टारफुला आणि हे गजमुख हे सगळे ‘स्क्रोफ्युलॅरिएसी’ या कुलात होते आणि केवळ हिरवी पाने नसलेल्या बंबाखूला वेगळे कुल दिलेले होते. डीएनएच्या अभ्यासानंतर, 2001 च्या सुमारास, मुळांवर जगणारे हे सगळे परोपजीवी एकत्र आले आणि बंबाखूच्या ‘ओरोबँकेसी’ कुलात गेले. माझ्या जुन्या टिपणांच्या कित्येक वह्या त्या एका फेरबदलाने बाद झाल्या.

पाचवा दिवस

दिवसभर पाऊस पडत राहिला. खोलीतच पिठले-भात केला आणि नोंदी स्वच्छ उतरवल्या.

सहावा दिवस : उताराला लागलो

गनिसनला परतून पश्चिमेकडे 50 क्रमांकाच्या रस्त्याने निघालो. ब्लॅक कॅन्यनच्या काठावर तासभर थांबलो. 1999 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेली ही घळ पाहून पोटात गोळा येतो, परंतु तिचे वर्णन करण्याची ही जागा नाही. काठावर पेंटब्रश तुरळक होता आणि त्याच्या कडा वाळू लागल्या होत्या. उतरू तसा ऋतू पुढे सरकत होता.

माँट्रोझ सोडल्यावर डेल्टा गावाच्या बाजूने राखाडी, भेगाळलेल्या, गवताची काडी नसलेल्या टेकड्या लागतात. हा मँकोस शेल, म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळाचा चिखल, आणि त्यात सेलेनियम हे जास्त प्रमाणात विषारी ठरणारे मूलद्रव्य भरपूर असते. अशा मातीत वाढलेला पेंटब्रश सेलेनियम अंगात साठवतो. म्हणून ‘फुलातला मध चोखून पाहा’ हा सल्ला इथे कोणी दिला तर तो ऐकू नये. ग्रँड जंक्शनला पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि तापमान 37 अंश होते.

सातवा दिवस : कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंट

उन्हे तापण्याआधी पाहून घ्यावे म्हणून पहाटे साडेपाचला निघालो. 1911 मध्ये संरक्षित झालेला हा लाल वालुकाश्माचा प्रदेश आहे. कड्याच्या काठाकाठाने 23 मैलांचा रस्ता जातो, आणि काठावर पिन्यन पाइन, जुनिपर व सेजब्रश एकमेकांपासून अंतर राखून उभे असतात. इथला डेझर्ट पेंटब्रश एप्रिल-मे महिन्यांत फुलतो, तेव्हा गॉथिकच्या कुरणावर अजून बर्फ असते. आपण उशिरा येत आहोत हे मला ठाऊक होते. तरी कड्याच्या सावलीत एखादा चुकार तुरा सापडेल अशी आशा होती. ती खोटी ठरली. दोन तास हिंडलो आणि मिळाले ते फक्त वाळलेले, गवताच्या रंगाचे दांडे. छदांचा लाल रंग इतका गेला होता, की आधीचे सहा दिवस नजर तयार झाली नसती तर मी त्यांच्या शेजारून निघून गेले असते.

ते ओळखू आले शेजाऱ्यामुळे. सेजब्रशच्या प्रत्येक झुडपाच्या बुडाशी पाहत गेले आणि पाचव्या झुडपात चार दांडे सापडले. त्यांची बोंडे टोकाशी उकललेली होती. ही संरक्षित जागा असल्यामुळे काहीही उचलून न्यायचे नव्हते, म्हणून मी यांना तळहात खाली धरायला सांगितले आणि दांड्याला टिचकी मारली. दहा-बारा बिया पडल्या. भिंगाखाली प्रत्येक बी म्हणजे एक जाळीदार पिंजरा होता : मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पारदर्शक कवच आणि आत सैल बसलेला तपकिरी दाणा. या हलक्या जाळीमुळेच ते वाऱ्याबरोबर थोडे दूर जाते.

ह्यांनी ते बी बराच वेळ उन्हात धरून पाहिले. टारफुल्याचे बी असे कधी पाहिले नव्हते, म्हणाले. ते हाताला लागायच्या आत उपटायचे असे. मग ते सावकाश खाली बसले, एका हाताने सेजब्रशच्या खालच्या फांद्या बाजूला केल्या, आणि तळहात झुडपाच्या बुंध्याशी नेऊन तिरपा केला. एक बी घामाने बोटाला चिकटून राहिले होते. तेही त्यांनी नखाने सोडवून तिथेच टाकले.